लायसन देशाचं, केस ठाण्याची

सोमवारी सेंटरवर काही काम नव्हतं, सकाळपासून सर्व्हर डाऊन, म्हणून सर येऊन बसले. सर म्हणजे आमच्या गावचे रिटायर मास्तर. पोरगा त्यांचा अमेरिकेत आहे, त्यामुळे विषय कोणताही काढा, सरांजवळ तिकडचं काहीतरी निघतेच. तर सर सांगत होते की तिकडं प्रत्येक राज्य आपापलं लायसन देते, अन एका राज्यात माणूस पिऊन गाडी चालवताना सापडला, लायसन गेलं, की तो शेजारच्या राज्यात जाऊन दुसरं काढायचा, अशी पळवाट होती. म्हणून काही लोकांचं म्हणणं असं की साऱ्या देशाचं एकच लायसन करून टाका, मग हे परत परत पिऊन चालवणारे बरोबर हाती लागतील. चहाचा कप खाली ठेवून सरांनी मला विचारलं, "आपल्याकडं असं केलं तर?"

मी म्हटलं, सर, आपल्याकडं तं केलेलंच हाय.

सरांना पटेना. पण हे माझं रोजचं काम आहे हो. वणी तालुक्यात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, अन दिवसाला दोन-चार लर्निंग लायसन, सारथी पोर्टल मी झोपेतही भरून देईन. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे अन तो केंद्राचा आहे. आमच्या यवतमाळचं एमएच-२९ वालं लायसन देशात कुठंही चालते, अन एका माणसाला एका वेळी एकच लायसन ठेवता येते हे कायद्यातच लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत तर देशभरच्या लायसनचं एक राष्ट्रीय रजिस्टर ठेवायचं असं वेगळं कलमच घातलं, अन त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कार्डाचा नमुनाही साऱ्या राज्यांत एकसारखा केला, क्यूआर कोडवाला. म्हणजे तिकडं ज्याच्यासाठी वाद घालतात ते आपण पाकिटात घेऊन फिरतो. मग पिऊन चालवणारे थांबले का? हे पाहायला मला दूर जायची गरज नाही, घरातच आहेत, आमचे भाऊजी.

भाऊजींचं मूळ गाव नदीपलीकडं, भद्रावती तालुक्यात. आमच्या अन त्यांच्या मधात वर्धा नदी, इकडं यवतमाळ जिल्हा, तिकडं चंद्रपूर. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली. वर्ध्यात ती सत्तरच्या दशकापासून होती, गडचिरोलीत १९९३ पासून, आता चंद्रपूर पण. नकाशा पाहिला तर आमचा वणीचा पट्टा म्हणजे कोरड्या वावरातली भरलेली विहीर. अन बंदी लागल्यापासून भाऊजींचं सासुरवाडीवरचं प्रेम एकदम वाढलं. दर शनिवारी हजर. आई खूश, आपले जवाई किती जीव लावतात म्हणायची, मटणाचा रस्सा, वडे, सारं करायची. भाऊजी चार घास खायचे, "जरा गावात चक्कर मारून येतो" म्हणायचे, अन रात्री दहाला पूल ओलांडून मोटरसायकलवर परत घरी, तेही टाकी फुल्ल करून. गाडीची नाही, स्वतःची.

बरं, हे एकट्या भाऊजींचं नव्हतं. सांज झाली की पुलावरून इकडं येणाऱ्या एमएच-३४ च्या गाड्या मोजत बसायचो आम्ही पोरं, अन रात्री त्याच गाड्या परत जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा मोजत जायच्या. दारूबंदीसाठी ज्या बाया लढल्या त्यांच्याबद्दल माझं वाकडं काही नाही, ज्या घरात माणूस आठवड्याची मजुरी एका रात्रीत पिऊन येतो त्या घरची बाई काय बोलते ते मला ताईकडून माहीत आहे. पण नदीकाठच्या लोकांनी पाहिलं ते असं, की पिणारा प्यायचा थांबला नाही, फक्त त्याच्या पिण्याला वीस किलोमीटर गाडी चालवणं जोडलं गेलं. आधी गावातल्या दुकानातून पाय ओढत घरी जाणारा माणूस आता हँडल धरून जायला लागला. २०२१ मध्ये बंदी उठली, पण तोवर सवय गाडीत बसली होती.

पहिल्यांदा भाऊजी सापडले ते २०१६ च्या पोळ्याला, करीच्या दिवशी. रात्री साडेअकराला फोन आला, मी अन मित्र पुलापलीकडं गेलो. फुंक मारायचं मशीन त्या पोलिसांजवळ नव्हतं, म्हणून भाऊजींना दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर पोरगंच होतं, झोपेतून उठवलेलं, ते म्हणालं या फरशीच्या लाइनवरून सरळ चालून दाखवा. भाऊजी चार फरशा असे चालले की मला वाटलं सुटले, पाचव्या फरशीवर त्यांनी सलाईनचा स्टँड धरला अन स्टँडच त्यांच्यासोबत चालायला लागला. मग रक्त काढलं. हवालदारानं माचिसच्या काडीवर लाख वितळवून त्या बारक्या बाटलीवर सील मारलं, लाखेचा वास, डेटॉलचा वास अन भाऊजींचा वास, तिन्ही एकत्र. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर दारू निघाली की गुन्हा, एवढाच हिशोब आहे. भाऊजींचा रिपोर्ट कित्येक महिन्यांनी आला, कितीतरी वर.

कोर्टात २००० रुपये दंड झाला, तेव्हाच्या कायद्यात पहिल्या वेळेला त्याच्यावर दंडच नव्हता. लायसन? "घरी राहिलं साहेब." बस. आता गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं साऱ्या राज्यांना सांगितलं होतं की पिऊन चालवणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने सस्पेंड करा. भाऊजींचं तीन मिनिटंही झालं नाही. ठाण्यातून एक कागद आरटीओकडं जायला पाहिजे, तो गेला नसेल, गेला असेल तर कुठल्या तरी टेबलावर असेल. देव जाणे.

पुढं भाऊजींचं वावर कोळसा खाणीत गेलं, मोबदला आला, त्यात ताईच्या नावानं पिकअप घेतली अन ते आमच्याच गावात राहायला आले. भाजीपाला, कापूस, लग्नाचे मंडप, जे भाडं भेटलं ते. २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात माल टाकून परत येताना नाक्यावर पकडले. यावेळी मशीन होतं, फुंक मारायला लावली. तोवर कायदा कडक झाला होता, १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या वेळेला १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळेला १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत जेल किंवा दोन्ही. भाऊजींना १०,००० लागले. मग २०२४ मध्ये तेलंगणात, आदिलाबादकडून येताना, तिथंही १०,००० अन दिवसभर कोर्टात उभं राहणं. तेलुगू एक अक्षर समजत नाही, वकिलानं सांगितलं मान हलवा, यांनी मान हलवली.

ते किस्से सांगायला भाऊजी माझ्या सेंटरवर बसले होते, समोर तीन-चार गिऱ्हाईकं, अन हसत हसत म्हणाले, "मी तं तिन्ही जागी नवीनच!"

सारे हसले. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्यांनी जे मस्करीत म्हटलं तेच खरं दुखणं आहे. लायसन एकच, नंबर एकच, माणूस एकच, अन तिन्ही कोर्टांसाठी तो पहिल्यांदा चुकलेला भला माणूस. दुसऱ्या दिवशी सेंटर उघडल्याबरोबर मी पोर्टलवर त्यांचा नंबर अन जन्मतारीख टाकून पाहिली. स्टेटस, अॅक्टिव्ह. स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं.

असं काऊन होते ते मी जमेल तसं सांगतो. पोलिसाच्या हातात जे ई-चलानचं मशीन असते त्यात गाडीचा नंबर टाकला की आधीचे थकलेले चलान दिसतात, पण ती गाडी झाली, माणूस नाही झाला. अन गाडी तर ताईच्या नावानं! हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, याचे चलान जाऊन पडणार बिचाऱ्या ताईच्या नावावर, जिला साधी लुना पण येत नाही. माणूस ओळखायचा तर लायसनचा नंबर टाकावा लागते अन लायसन नेहमी घरी राहिलेलं असते. त्यातून दारूची केस रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जाते. कोर्टात दहा मिनिटांत गुन्हा कबूल, दंड भरला, नाव रजिस्टरला. आता त्या रजिस्टरमधली ओळ कोणीतरी लायसनच्या रेकॉर्डला जोडली पाहिजे, अन पुढच्या वेळेस दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी वकिलानं ती काढून जजसाहेबांपुढं ठेवली पाहिजे की हा माणूस आधी पण सापडलेला आहे. तेव्हा कुठं ते १५,००० अन दोन वर्षं लागू होणार. अशा चाळीस केसेस एका दिवशी लागल्या असताना हे कोण करते? अन हे झालं ज्यांची केस बनते त्यांचं. पुलावरच तोडपाणी झालं तर कुठलं कोर्ट अन कुठलं रजिस्टर.

सरांना मी हे सारं सांगितलं तर सर म्हणाले, अरे तिकडं पण शेवटी हेच केलं. तिकडं १९६० मध्येच कायदा करून एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, त्यात चांगल्या ड्रायव्हरांची नावं नाहीत, फक्त ज्यांचं लायसन सस्पेंड किंवा रद्द झालं किंवा जे गाडीच्या मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरले त्यांचीच, अन नवीन लायसन देण्याआधी प्रत्येक राज्यानं त्यात पाहायचं. त्याशिवाय राज्याराज्यांचा आपसात एक करार पण आहे, एक चालक, एक लायसन, एक रेकॉर्ड, त्यात काही राज्यं अजून पण सामील नाहीत. म्हणजे पाहा, लायसन कोणी दिलं याच्यापेक्षा बदमाशांची यादी एकमेकांना दिसते का, खरी गोष्ट ती आहे. त्यांच्याकडं लायसन पन्नास अन यादी एक. आपल्याकडं लायसन एक, अन यादी जेवढी ठाणी तेवढी.

सरांनी अजून एक सांगितलं ते मला जास्त पटलं. तिकडं बऱ्याच राज्यांत सापडलेल्या माणसाच्या गाडीला एक यंत्र लावतात, त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, अन फुंकेत दारू निघाली तरी नाही. ते लावलेलं असेपर्यंत परत पिऊन चालवणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते म्हणे, अन काढलं की माणूस हळूहळू पुन्हा मूळ पदावर. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "तुह्या ताईले फुकाले लावीन." घ्या.

बरं, हे सारं बोलतो आपण लायसन असलेल्यांचं. आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभं राहून पाहा, बैलजोड्यांपेक्षा ट्रॅक्टर जास्त, अन ट्रॅक्टरवाल्या पोरांपैकी किती जणांकडं लायसन असेल याचा मला अंदाज आहे कारण असतं तर ते माझ्याच हातून निघालं असतं. त्यांचं तुम्ही काय सस्पेंड करणार? बिनलायसन चालवलं तर ५००० दंड आहे, सस्पेंड असताना चालवलं तर १०,०००. म्हणजे ज्यानं लायसन काढायची तसदी घेतली त्याला दुप्पट, असं आमच्या पोरांचं गणित, अन त्यांना समजावता समजावता माझ्या नाकीनऊ येते.

अन रस्त्यावर माणूस मरतो तेव्हा कागदावर काय येते ते पण पाहा. २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसं मेली, त्यात दारू किंवा दुसऱ्या नशेमुळे म्हणून ४,२०१, म्हणजे शंभरात अडीच. आमच्या रस्त्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा हा आकडा खरा वाटतो का. रात्री अकराला माणूस एकटाच मोरीवरून खाली गेला की "वाहन हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून" एवढं लिहून होते. गेलेल्या माणसाबद्दल कोण कशाला बोलते, विमा अडकतो, घरच्यांची इज्जत जाते. दवाखान्यात वास आला तरी सारे दुसरीकडं पाहतात. मी पण पाहिलेलं आहे दुसरीकडं, एकदा.

हसू येते ते दुसऱ्याच गोष्टीचं. महाराष्ट्रात दारू प्यायला पण परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं, एका दिवसाचा सुद्धा भेटतो. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर भाऊजींजवळ दोन लायसन पाहिजे, एक प्यायचं, एक चालवायचं, अन दोन्ही एकाच वेळी वापरायचे नाही. अन हायवेवरची दारू बंद करायला सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१७ पासून ५०० मीटरच्या आतली दुकानं हटवली, लहान गावांसाठी २२० मीटर केलं. आमच्या रोडवरचा बार मागच्या वावरात सरकला अन त्यानं कच्च्या रस्त्यावर मुरूम टाकून एवढी मोठी पार्किंग केली की आधी सायकल उभी करायला जागा नव्हती तिथं आता ट्रक वळतो. पार्किंग! बारला! अन आमच्या गावाची शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाला निघून जाते, म्हणजे सातला बसलेला माणूस परत येणार कसा हे विचारायची गरजच नाही.

तर माझं म्हणणं सरांना मी एवढंच सांगितलं, कार्ड देशाचं असो की जिल्ह्याचं, त्याच्या मागं जोवर कोर्टाची ओळ चिकटत नाही तोवर ते प्लास्टिक आहे. निकाल लागल्याच्या दिवशी तिथल्या तिथं लायसनवर चढला पाहिजे, आपण सातबाऱ्यावर बोजा चढवतो तसा. सोसायटीचं वीस हजाराचं कर्ज सातबाऱ्यावर बरोबर दिसते, शेतकरी देशात कुठंही जावो, बँकवाला उतारा पाहून विचारते. तीन वेळा पिऊन सापडलेला माणूस मात्र कोरा.

सर म्हणाले, लिही हे कुठंतरी. म्हणून लिहितो आहे, पण पुढचं सरांना सांगितलं नव्हतं.

या वर्षी भाऊजींना पन्नास पूर्ण झाली अन लायसनची मुदत संपली. रिन्यूचा फॉर्म कोण भरणार, मीच. आधार, ओटीपी, फोटो, सही, डॉक्टरचं सर्टिफिकेट, फी. फॉर्म वन मध्ये विचारतात फिट येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता येते का, ऐकू येते का. पिऊन किती वेळा सापडला हा प्रश्न त्या यादीत नाही. मी सगळीकडं बरोबर टिक केलं, भाऊजी मागं खुर्चीवर बसून मोबाईलवर रील पाहत होते. सबमिट करताना माऊसवर बोट ठेवून मी जरा वेळ थांबलो होतो, म्हणजे खरंच थांबलो होतो, मग मागून आवाज आला, "झालं का साळेसाहेब?" अन दाबलं. जवायाकडून काय पैसे घ्यायचे म्हणून सेंटरचे शंभर रुपये पण सोडले.

परवा कार्ड आलं. पोस्टमन गावभराची पाकिटं माझ्याच सेंटरवर टाकून जातो. मी भाऊजींना फोन केला, ते सांजच्याला सात-साडेसातला मोटरसायकलवर आले, काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभे राहिले अन बोलायच्या आधीच मला समजलं. मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून चावी फिरवली.

"सर्व्हरवर नोंद व्हायची हाय भाऊजी, उद्या सकाळी देतो."

"कार्डाले कायचा सर्व्हर बे?"

"हाय तसं नवीन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी प्रिंटरमध्ये कागद लावायला लागलो. मग हसले. "ठेव तुह्याजवळच, मले काय रोज लागते ते," म्हणून बाहेर गेले, दोन किकमध्ये गाडी सुरू केली अन गेले. टेललाइट बंद होती. वळणापर्यंत आवाज येत होता, मग जिनिंगच्या ट्रॅक्टरच्या आवाजात तो मिसळला.

मी ताईला फोन लावला.

ताई म्हणाली, "निघाले का? बरं, मंग भाकर टाकतो मी."